कॉमिक्सचा पॉडकास्ट करायचाय? मग आधी निर्मात्याच्या दारापर्यंत जा



या आठवड्याचा व्हिडिओ आपल्या राजारामपुरीच्या बॅचमधल्या एका पोराच्या प्रश्नावरून केला. पोरगा दिवसभर वडिलांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. घरात वडिलांनी जपून ठेवलेला इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा आहे, तो याला जवळजवळ पाठ आहे. भीतभीतच त्यानं विचारलं, "सर, कॉमिक्सवर मराठी पॉडकास्ट करायचाय. पण कोल्हापुरात बसून केलेलं ऐकणार कोण? आणि त्यातनं पैसे कसे सुटणार?"

वर्ग हसला. मला मात्र प्रश्न आवडला, कारण यात हौस आणि धंदा दोन्ही एकाच ताटात आहेत. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितोय. तुमचा विषय कॉमिक्स नसला तरी वाचा. जुन्या गाड्या असोत, कुस्ती असो नाहीतर नाटक, हिशोब तोच आहे.

आधी बघा, माल आहे का?

कुठलंही दुकान काढताना आपण पहिल्यांदा माल बघतो. मराठी माणसासाठी कॉमिक्सचा माल किती आहे, याची आपल्यालाच कल्पना नसते.

टाइम्स ऑफ इंडियानं 1964 साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. 1990 पर्यंत आठशेच्या वर अंक निघाले आणि ते मराठीतही येत होते. आपल्या आधीच्या पिढीला 'वेताळ' माहीत आहे तो तिथूनच. 1967 मध्ये अनंत पैंनी मुंबईत अमर चित्र कथा सुरू केली. 1980 मध्ये 'टिंकल' आलं. 1991 मध्ये 'सकाळ'मध्ये चिंटू सुरू झाला, आणि सकाळी पेपर उघडल्यावर बातमीच्या आधी चिंटू वाचणारी घरं तयार झाली. हिंदीतला नागराज उत्तरेत गावोगावी वाचला गेला, पण त्याचे सुरुवातीचे अंक काढणारे चित्रकार प्रताप मुळीक आपल्या पुण्याचे!

म्हणजे माल भरपूर आहे. आणि तो बनवणारी माणसं बऱ्याचदा पुण्या-मुंबईत, रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं गाठता येतील इतक्या अंतरावर राहिली आणि राहतात. अमेरिकेतल्या कॉमिक्सवर बोलणारे पॉडकास्ट जगात ढिगानं आहेत. तिथं तुम्ही शेकड्यातले एक असाल. चिंटूच्या चौकटीवर, टिंकलच्या चित्रकारांवर मराठीत नेमानं बोलणारे किती आहेत? मोजा. बोटं उरतील.

तुमचं भांडवल म्हणजे निर्मात्याचा विश्वास

नवीन माणूस माइकवर पैसे घालतो, लोगो करतो, भिंतीला फोम लावतो. आणि मग पहिल्या दहा भागांत स्वतःच बोलत बसतो. स्वतःच्या आठवणी तीन भागांत संपतात.

खरी गंमत निर्मात्यांकडं असते. त्यातही ज्यांची नावं मागं राहिली त्यांच्याकडं. सुपंडी सगळ्यांना माहीत. त्याचं चित्र राम वाईरकरांनी घडवलं, हे किती जणांना माहीत आहे? आणि त्या गोष्टी 1983 मध्ये मुळात तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीच्या एका वाचकानं टिंकलला पाठवल्या होत्या! म्हणजे एका वाचकानं पोस्टानं पाठवलेल्या कागदातनं देशभर गाजलेलं पात्र उभं राहिलं. पुढं वाईरकरांच्या कन्या अर्चना आंबेरकर सुपंडी काढू लागल्या. एका पात्रामागं वाचक, वडील आणि मुलगी. एवढ्यावर तीन भाग सहज होतात.

अशा माणसांना प्रसिद्धीचा सोस नसतो. पण आपलं काम कुणी बारकाईनं बघितलंय, हे कळलं की ती मोकळी होतात. ही बारकाईच तुमचं भांडवल आहे. माइक कुणीही विकत घेईल, बारकाई विकत मिळत नाही.

गृहपाठ: 'कल्पना कशी सुचते?' हा प्रश्न बाद

हा प्रश्न प्रत्येक निर्मात्याला हजारदा विचारलेला असतो. उत्तरही पाठ झालेलं असतं. त्याऐवजी काय विचारायचं? दोन उदाहरणं देतो.

चिंटू हे चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीचं काम. आपण धंदेवाली माणसं आहोत, तर आपला प्रश्न भागीदारीचा हवा. रोज एक मालिका द्यायची, सुट्टी नाही. विनोद एकाला आवडला आणि दुसऱ्याला नाही, तर शेवटचा शब्द कुणाचा? चौथ्या चौकटीत वाक्य ठेवायचं की नुसता चेहरा, हे कसं ठरायचं? असं विचारलं की समोरचा माणूस मुलाखत देणं थांबवतो आणि गप्पा मारायला लागतो.

दुसरं उदाहरण आबिद सुरतींचं. 1976 मध्ये इंद्रजालमध्ये 'बहादूर' आला, तो त्यांनी लिहिला आणि गोविंद ब्राह्मणियांनी चितारला. डाकूचा मुलगा, अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स, आणि डाकूंविरुद्ध गावकऱ्यांचं दल उभं करणारा. याच सुरतींनी 2007 मध्ये मीरा रोडला एक काम हाती घेतलं. रविवारी प्लंबर बरोबर घ्यायचा, सोसायटीतल्या घरोघरी जायचं आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. आता विचार करा. जो फॅन फक्त बहादूरचे अंक वाचून जाईल, तो 'तेव्हाचे दिवस कसे होते' एवढंच विचारेल. ज्यानं पुढचंही वाचलंय तो विचारेल, "बहादूर गावकऱ्यांना म्हणायचा की आपलं रक्षण आपणच करू. तुम्ही नळ दुरुस्त करता, ते त्यातलंच का?" या एका प्रश्नासाठी ऐकणारा शेवटपर्यंत थांबेल.

नियम सोपा ठेवा. एका पाहुण्यासाठी त्यांची किमान दहा कामं पुन्हा वाचायची, वीस प्रश्न लिहायचे आणि त्यातले पहिले दहा खोडायचे. पहिले दहा सगळ्यांनाच सुचतात.

भेट मागायची कशी?

पहिला मेसेज लहान ठेवा. तुम्ही कोण, त्यांचं कुठलं काम तुम्हाला का आवडतं (एक नेमकं चित्र सांगा), किती वेळ हवाय आणि रेकॉर्डिंग कुठं दिसेल. चार ओळी बास. "सर मी तुमचा खूप मोठा फॅन" यानं काही कळत नाही. "अमुक अंकात तुम्ही पावसाच्या रेघा तिरक्या का काढल्यात?" यानं सगळं कळतं.

कॉमिक कॉनसारख्या ठिकाणी जरूर जा. भारतात पहिलं कॉमिक कॉन 2011 मध्ये दिल्लीत झालं, त्याच वर्षी मुंबईतही झालं. तिथं चित्रकार स्वतः टेबल मांडून आपली पुस्तकं विकत बसलेले असतात. पण लक्षात घ्या, ते तिथं धंदा करायला आलेत. गिऱ्हाईक उभं असताना मधे माइक घुसवू नका. आधी पुस्तक विकत घ्या, नंतर बोलायची वेळ मागा. आपल्या दुकानात गर्दीच्या वेळेला कुणी गप्पा मारायला आला तर आपल्याला कसं वाटतं?

वडीलधाऱ्या कलाकाराच्या घरी जाणार असाल तर वेळ पाळा, दोघांपेक्षा जास्त माणसं नेऊ नका आणि एका तासाच्या वर बसवू नका. पुण्याची एक फेरी करणार असाल तर एकाच दिवशी दोन भेटी ठरवा. प्रवासखर्च निम्म्यावर येतो.

आवाजात चित्र दाखवायचं

कॉमिक्सच्या पॉडकास्टची ही खरी अडचण. ऐकणाऱ्यापुढं चित्रच नाही!

यासाठी सराव म्हणून शि. द. फडणीसांची चित्रं घ्या. सीमेपलीकडच्या भोज गावात जन्मलेले, आपल्या कोल्हापुरात शिकलेले, आणि चित्राखाली एक शब्द न लिहिता हसवणारे. त्यांचं एक गाजलेलं मुखपृष्ठ आहे. बसस्टॉपवर एक तरुण आणि एक तरुणी. एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. बघा, दोन-तीन वाक्यांत तुम्हाला चित्र दिसलं की नाही? आधी जागा सांगा, मग माणसं, आणि गंमत शेवटी. गंमत आधी सांगितली की चित्र मेलं.

टी-शर्टचा मोह आवरा

आपल्या पोराची पुढची कल्पना होती, वेताळच्या कवटीचे टी-शर्ट छापून विकायचे. तिथंच थांबवलं त्याला. वेताळचे हक्क किंग फीचर्स या अमेरिकन कंपनीकडं आहेत. आपल्याकडंही 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं लेखक-चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. समीक्षेसाठी एखादी चौकट दाखवण्याला कायद्यात वाव आहे. आख्खा अंक स्कॅन करून व्हिडिओत फिरवायला नाही, आणि विकायला तर मुळीच नाही.

यात कायद्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. ज्या माणसाच्या घरी चहा पिऊन आलात, त्याचंच चित्र न विचारता छापून विकलं, तर पुढचं दार कोण उघडेल? म्हणून दोन सवयी लावून घ्या. एक, रेकॉर्डिंग कुठं आणि कसं वापरणार ते एका कागदावर लिहून पाहुण्यांची सही घ्या. दोन, प्रत्येक भागात लेखक आणि चित्रकार दोघांचीही नावं घ्या.

मग पैसे कुठनं?

सरळ सांगतो, सुरुवातीला जाहिरातीतनं फार काही मिळणार नाही. स्थानिक विचार करा. समजा एका भागाला प्रवास, जेवण, एडिटिंग धरून तीन हजार लागतात. महिन्याला दोन भाग, म्हणजे सहा हजार. चित्रकलेचं साहित्य विकणारं एक दुकान, एक ड्रॉइंग क्लास आणि एक प्रिंटिंग प्रेस, तिघांनी दोन-दोन हजार दिले की खर्च निघाला. त्यांना नेमकं त्यांचंच गिऱ्हाईक मिळतं, तुम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

पुढची पायरी म्हणजे कार्यक्रम. दसरा चौकात शाहू स्मारक भवन आहेच. निर्मात्याला बोलवा, समोर चित्र काढून घ्या, तिकीट ठेवा. पाहुण्यांचं मानधन आधी ठरवा आणि त्यांची पुस्तकं, चित्रं विकली गेली तर ते पैसे त्यांचेच. बाबूराव पेंटरांचं गाव आहे हे. चित्र बघायला इथं माणूस येतो.

आणि मूळ रेकॉर्डिंग स्वतःकडं ठेवा, दोन ठिकाणी. गुगल पॉडकास्ट्स 2024 मध्ये बंद झालं. दुसऱ्याच्या जागेत दुकान असलं तरी माल आपल्या गोदामात हवा.

उशीर करू नका

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्या इथल्या एका जुन्या पेंटरकाकांना भेटायला गेलो होतो. दुकानांच्या पाट्या, सिनेमाचे बॅनर, सगळं हातानं केलेला माणूस. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. अकरा मिनिटांनी मेमरी भरली आणि मला कळलंच नाही. काका तासभर बोलले. कुठल्या रंगात रॉकेल किती घालायचं इथपर्यंत सांगितलं. घरी येऊन बघतो तर अकरा मिनिटं! फोन केला, "काका, पुढच्या महिन्यात परत येतो." काका म्हणाले, "ये की, मी कुठं जातोय?"

पुढचा महिना बॅचमध्ये गेला, त्याच्या पुढचा दिवाळीत. नंतर गेलो ते त्यांच्या फोटोला हार घालायला. ती अकरा मिनिटं त्यांच्या मुलाला दिली. तो म्हणाला, "बाबांचा आवाज एवढाच आहे आमच्याकडं."

मोठ्या माणसांच्या बाबतीतही घड्याळ तेच असतं. अनंत पैंना दिल्लीच्या त्या पहिल्या कॉमिक कॉनमध्ये जीवनगौरव जाहीर झाला, तारीख 19 फेब्रुवारी 2011. 24 फेब्रुवारीला ते गेले. मध्ये पाच दिवस. 1967 पासून काम करणारा माणूस, आणि सन्मान पाच दिवस आधी पोचला.

म्हणून "सर, चांगला माइक घेतला की सुरू करतो" असं मला सांगू नका. मोबाइल आहे ना? मेमरी रिकामी करा, चार्जर घ्या, आणि जोडीला दुसऱ्या मोबाइलवरही रेकॉर्डिंग लावा.

या आठवड्याचं काम

1. तुमच्या आवडत्या पाच कॉमिक्सच्या लेखकांची आणि चित्रकारांची नावं शोधून वहीत लिहा. पात्रांची नावं लिहायची नाहीत.
2. त्यातल्या वयानं सगळ्यात मोठ्या माणसाला पहिला मेसेज लिहा. चार ओळी.
3. वीस प्रश्न लिहा, पहिले दहा खोडा.
4. एक चित्र न दाखवता आई-वडिलांना सांगून बघा. ते हसले तर तुम्ही तयार.

आपल्या झेरॉक्सवाल्या पोरानं पहिलं रेकॉर्डिंग स्वतःच्या वडिलांचं केलंय. इंद्रजालचा गठ्ठा कुठल्या रद्दीवाल्याकडनं, किती पैशांना आणि आजोबांपासून कसा लपवून आणला, याची चाळीस मिनिटं. मी ऐकलंय. दोन ठिकाणी साठवलंय का, एवढंच विचारलं त्याला.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर काम चालू ठेवा!