नकारालाही मान हवा

दुकानाची पाटी वाचून ग्राहक पुढे निघून जातो. पाटी त्याच्यामागे चालत येत नाही. मोबाइलवरील जाहिरात मात्र पाठ सोडत नाही. हे कसे घडते, याचा बोध बंगळुरूत विस्तारलेल्या ‘इनमोबी’ या जाहिरात कंपनीच्या प्रकरणातून होतो. २००७ मध्ये मुंबईत ‘एमखोज’ या नावाने जन्मलेल्या या कंपनीचे जाळे पुढे जगभर पसरले.

जून २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर गंभीर आरोप ठेवले. ग्राहकाने आपला ठावठिकाणा कळविण्यास नकार दिला, तरी आसपासच्या वाय-फाय जाळ्यांवरून तो हुडकला जात असे. लहान मुलांसाठीची अॅप्सही त्यातून सुटली नव्हती. अखेर तडजोडीत कंपनीने साडेनऊ लाख डॉलरचा दंड आणि अशा रीतीने जमविलेली माहिती नष्ट करणे मान्य केले.

संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, हे तत्त्व भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही नमूद आहे. तथापि कायद्याला ग्राहकाच्या दक्षतेची जोड हवी. विजेरीच्या अॅपला आपला ठावठिकाणा कशाला हवा? फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अशा अनावश्यक परवानग्या रद्द कराव्यात. ज्या फोनवरून आपण आर्थिक व्यवहार करतो, त्याचे दारही घराच्या दाराइतकेच जपून उघडावे.