वाघ की वाघाची मावशी?

ऑगस्ट 2012. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातलं सेंट ओसिथ गाव. रविवारची संध्याकाळ, सुट्टीवर आलेली मंडळी शेतापलीकडे बघतायत आणि तिथे चक्क सिंह! फोटो निघाले, पोलिसांना फोन गेले. पोलीसही काही लेचेपेचे नाहीत. ते हेलिकॉप्टरं आणि अंगाची ऊब टिपणारे कॅमेरे घेऊन आले, सोबतीला कोलचेस्टरच्या प्राणिसंग्रहालयातले जाणकार. रात्रभर शेतं तुडवली. सिंहाचा केससुद्धा मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी शोध थांबला. मग गावातल्या एका बाईंनी सांगितलं, ‘अहो, तो आमचा बोका असणार.’ बोक्याचं नाव टेडी बेअर, जात मेन कून. झुबकेदार शेपूट, मानेभोवती आयाळीसारखे केस आणि रंग थेट सिंहाचा. या जातीचे बोके सात-आठ किलोंचे होतात. सिंह दीड-दोनशे किलोंचा असतो म्हणा, पण लांबून वजनकाटा कोण लावतो?

खरी मेख इथेच आहे. उघड्या माळावर तुलनेला शेजारी काही नसलं की जनावर जवळ असून लहान आहे की लांब असून मोठं, हे डोळ्याला उमगत नाही. आणि पोटात भीतीचा गोळा असला की डोळा नेहमी मोठंच माप धरतो.

सिंह भुंकला!

कुत्रेही या खेळात मागे नाहीत. जानेवारी 2013 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या नॉरफोक शहरात ‘रस्त्यावर सिंहाचा छावा फिरतोय’ असे फोन पोलिसांना आले. पोलिसांनी आधी प्राणिसंग्रहालयाला विचारलं, ‘तुमचे सिंह जागेवर आहेत ना?’ होते. रस्त्यावर फिरत होता तो चार्ल्स नावाचा लॅब्राडूडल कुत्रा. मालकाने हौसेने त्याचे केस आयाळ राखून कापले होते.

त्याच वर्षी चीनमध्ये नेमकं उलटं घडलं. हेनान प्रांतातल्या लुओहे शहरातल्या प्राणिसंग्रहालयात ‘आफ्रिकन सिंह’ अशी पाटी असलेल्या पिंजऱ्यापुढे लोक उभे होते. सिंहाने तोंड उघडलं आणि तो भुंकला. आत तिबेटी मॅस्टिफ कुत्रा होता. खरा सिंह म्हणे पैदाशीसाठी दुसरीकडे गेला होता.

सोंगाचा खरा उपयोग केला तो कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने. 2019 साली त्याने माकडांपासून पीक वाचवायला आपल्या कुत्र्याच्या अंगावर वाघाचे पट्टे रंगवले. माकडं फसली म्हणतात. आपण हसू नये, आपण मेन कूनला फसलो आहोत.

नखं बघा, नखं

जनावर निघून गेलं तरी चिखलात ठसा राहतो, आणि ठसा सहसा फसवत नाही. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांची नखं कायम बाहेर, त्यामुळे बोटांपुढे नखांचे टोचे उमटतात. मांजर आणि बिबट्या चालताना नखं म्यानात ठेवतात, म्हणून त्यांचा ठसा गोलसर आणि गुळगुळीत. तळव्याच्या गादीकडेही बघावं. मांजरकुळात तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. कुत्र्याच्या ठशात बोटं आणि गादी यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून फुलीची रेघ मारता येते. (घरच्या मोत्याला ओल्या अंगणातून चालवून पाहा, अंगण धुवायची जबाबदारी तुमची.)

नियम म्हटला की अपवाद आलाच. चित्ता मांजरकुळातला, पण त्याच्या नखांवर पूर्ण म्यान नसते, ती ठशात उमटतात. घसरड्या चिखलात तोल सावरताना बिबट्याही नखं काढतो.

आणि तरस? त्याने तर सगळी प्रश्नपत्रिकाच फाडली आहे. दिसतो कुत्र्यासारखा, ठशात नखं कुत्र्यासारखी, पण वंशावळीत तो मांजराच्या बाजूचा. मुंगूस आणि उदमांजरही त्याच बाजूचे. उलट अस्वल आणि समुद्रातला सील हे कुत्र्याच्या बाजूचे भाऊबंद.

यतीसुद्धा?

हिमालयातल्या यतीचे म्हणून जपून ठेवलेले केस, हाडं, दात यांतल्या नऊ नमुन्यांची डीएनए तपासणी 2017 साली प्रसिद्ध झाली. आठ अस्वलांचे निघाले. उरलेला एक? कुत्र्याचा.

उसातलं पिल्लू

आपल्याकडे जुन्नरच्या बाजूला ऊसतोड सुरू झाली की फडात ठिपक्यांची पिल्लं सापडतात आणि ‘बिबट्या, बिबट्या’ असा गलका होतो. कधी ती खरंच बिबट्याची असतात, तर कधी रानमांजराची किंवा वाघाटीची. वाघाटी ही जगातल्या सर्वांत चिमुकल्या रानटी मांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली असतानाही दीड किलोच्या आसपास. म्हणजे टेडी बेअरच्या पुढ्यात ती पिल्लूच वाटेल! पिल्लू कुणाचंही असो, हात न लावता वनखात्याला कळवावं. आई बहुधा अंधार पडल्यावर परत येते.

आता बिबट्याकडूनच एक पुरावा. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या, म्हणजे ऊस आणि वस्तीच्या मुलखातल्या, बिबट्यांची विष्ठा तपासली. त्यांनी खाल्लेल्या मांसाचा हिशोब मांडला तेव्हा पहिला नंबर लागला पाळीव व भटक्या कुत्र्यांचा, 39 टक्के. दुसरा मांजरांचा, 12 टक्के. तेव्हा अकोल्यात रात्री कुणी विचारलं, ‘काय होतं रे ते, बिबट्या की कुत्रा?’, तर ‘दोन्ही’ हे उत्तरही बरोबर ठरू शकतं. एक बाहेर, एक आत.