डॅकची चार दशके : सीडी प्लेअर ते फोनची जोडपिन

डिजिटल स्वरूपातले संगीत म्हणजे आकड्यांची लांबलचक ओळ. सीडीवर एका सेकंदाच्या आवाजासाठी डाव्या आणि उजव्या वाहिनीचे प्रत्येकी ४४,१०० नमुने साठवलेले असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पातळ्यांपैकी एका पातळीचा असतो. स्पीकरला मात्र सलग चढउतार होणारा विद्युतदाब लागतो. आकड्यांतून तो दाब घडवणाऱ्या मंडलाला डिजिटल-टू-अ‍ॅनलॉग कन्व्हर्टर, थोडक्यात ‘डॅक’ म्हणतात. गेल्या चार दशकांत हे मंडल प्लेअरच्या पोटातून स्वतंत्र डब्यात, डब्यातून यूएसबीच्या काडीत आणि तिथून फोनला हेडफोन जोडणाऱ्या जोडपिनेत गेले. जागा बदलली तशी ते निवडण्याची कसोटीही बदलली. बारामती तालुक्यातील कन्हेरीसारख्या गावांत डॅक शिरला तो महागड्या हाय-फायमधून नव्हे, तर व्हीसीडी प्लेअर, टीव्ही आणि मोबाइल यांच्या वाटेने.

सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला सीडी प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. सोनीने त्यात १६ बिटांचा डॅक वापरला. सीडीचे सहनिर्माते असलेल्या फिलिप्सने सुरुवातीला १४ बिटांच्या चिपवर भागवले. पण नमुन्यांचा वेग चौपट करून, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० वर नेऊन, उरलेली अचूकता भरून काढली. नको असलेले उच्च वारंवारतेचे घटक त्यामुळे ऐकू येणाऱ्या पट्ट्यापासून दूर गेले आणि त्यांना अडवणारे फिल्टर सौम्य ठेवता आले. १९८५च्या सुमारास फिलिप्सची १६ बिटांची टीडीए १५४१ ही चिप आली. आजही जुन्या यंत्रांचे शौकीन तिचा क्रमांक विचारून प्लेअर घेतात. त्या काळी हा प्रश्न रास्त होता. १६ बिटांतून सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, पण तो प्रत्यक्षात उतरवण्यासाठी चिपच्या आतले विद्युतप्रवाहांचे प्रमाण अत्यंत काटेकोर राखावे लागे आणि ते प्रत्येक कंपनीला सारखेच साधत नसे. म्हणूनच १९८०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या आर्कॅमने ‘ब्लॅक बॉक्स’ हा स्वतंत्र डॅक काढला: प्लेअर जुनाच ठेवायचा, त्याचे डिजिटल आउटपुट या डब्यात द्यायचे आणि आवाज सुधारून घ्यायचा.

बारामतीच्या गावांत हा प्रश्नच तेव्हा नव्हता. १९५३मध्ये सुरू झालेले पुणे आकाशवाणी केंद्र, १९५७पासूनची विविध भारती आणि १९८०च्या दशकात घराघरांत पोचलेली कॅसेट ही ऐकण्याची साधने होती आणि ती सगळीच अ‍ॅनलॉग होती.

१९९०च्या दशकात चिपची घडण बदलली. अनेक बिटांच्या काटेकोर शिडीऐवजी एकाच बिटाच्या अतिवेगवान उघडझापीतून सरासरी दाब घडवण्याची ‘डेल्टा-सिग्मा’ पद्धत रुळली. या पद्धतीत घटकांच्या अचूक मापापेक्षा वेळेच्या अचूकतेवर भर असतो आणि डिजिटल चिपमध्ये ती स्वस्तात साधते. एकेकाळी महागड्या प्लेअरपुरता असलेला डॅक त्यामुळे स्वस्त यंत्रांतही बसला. उदारीकरणानंतर आलेल्या व्हीसीडी प्लेअरसोबत तो खेड्यातल्या घरात शिरला, पण स्वतःच्या नावाने नव्हे. गिऱ्हाईक प्लेअर घेई आणि मागची लाल-पांढरी पिन अ‍ॅम्प्लिफायरला जोडे. हा अ‍ॅम्प्लिफायर बहुधा जोडणी करून घेतलेला असे: ४४४० क्रमांकाची किंवा एसटीके मालिकेची आयसी, ट्रान्सफॉर्मर आणि पत्र्याची पेटी. असे सुटे भाग पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळत. पुढे एमपी३ची तबकडी आली. एका सीडीवर दीडशेच्या आसपास गाणी मावू लागली आणि आवाजाचा दर्जा डॅकपेक्षा फाइल किती दाबली आहे यावर ठरू लागला.

यूएसबीवरून आवाज पाठवण्याचा पहिला प्रमाणसंच १९९८चा. त्यात २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज वेगळे सॉफ्टवेअर न घालता पाठवता येई. २००६च्या दुसऱ्या प्रमाणसंचाने ही मर्यादा ओलांडली, पण विंडोजमध्ये त्याची अंगभूत सोय २०१७मध्ये आली. दरम्यान ‘असिंक्रोनस’ पद्धत रूढ झाली. तिच्यात आकड्यांचा वेग संगणक नव्हे, तर डॅकमधले घड्याळ ठरवते आणि वेळेतली थरथर कमी होते. ऑडिओक्वेस्टचा ड्रॅगनफ्लाय २०१२मध्ये पेन ड्राइव्हच्या आकारात आला आणि छोटा डॅक ही स्वतंत्र वस्तू झाली.

सप्टेंबर २०१६मध्ये दोन गोष्टी एकदम घडल्या. अ‍ॅपलने आयफोन ७मधून हेडफोनचे छिद्र काढून टाकले, आणि जिओची सेवा सुरू होऊन भारतात मोबाइल डेटा स्वस्त झाला. पहिल्या घटनेमुळे काही सेंटिमीटरच्या वायरीत डॅक बसवणे मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. दुसरीमुळे गावातल्या घरात संगीताचा मुख्य स्रोत फोन झाला. पुढे अँड्रॉइड फोनही तेच छिद्र गाळू लागले. बाजारात आलेल्या टाइप-सी जोडपिना बाहेरून सारख्या दिसतात, पण त्या दोन जातींच्या असतात. एकीत डॅक असतो. दुसरीत नुसती तार असते आणि ती फोनमधल्या डॅकवर अवलंबून राहते; फोनने अ‍ॅनलॉग आवाज टाइप-सीवर दिलाच नाही, तर ती मुकी राहते. त्यामुळे खोक्यावर ‘डॅक’ हा शब्द पाहून घेणे ही पहिली खबरदारी ठरते.

घरात डॅक शिरण्याची दुसरी वाट टीव्हीची. अनेक नव्या टीव्हींना लाल-पांढरे आउटपुट उरले नाही. ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसी तेवढे राहिले. जुने होम थिएटर वा अ‍ॅम्प्लिफायर वापरात ठेवायचे, तर मध्ये ऑप्टिकलमधून आरसीए देणारी काड्यापेटीएवढी डबी लागते. हाही पूर्ण डॅकच. तो बंद पडल्याची तक्रार पुष्कळदा खरी नसते. टीव्ही डॉल्बीचा संकेत पाठवत असतो आणि साध्या डबीला तो उलगडता येत नाही. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ केले की आवाज येतो.

ऑक्टोबर २०२०मध्ये जपानमधील नोबेओका येथील एकेएम या चिप कंपनीचा कारखाना आगीत जळाला. तिच्या चिपांचा तुटवडा पडताच अनेक उत्पादकांनी ईएसएससारख्या दुसऱ्या कंपन्यांच्या चिपांभोवती डॅकची मांडणी नव्याने केली, आणि ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने फारसे बिघडले नाही. १९८५मध्ये निर्णायक असलेला चिपचा क्रमांक आता दुय्यम झाल्याचा हा मोठा दाखला. आजच्या साधारण चिपची अचूकता खोलीतल्या पंख्याच्या आवाजाच्या कितीतरी खाली जाते.

त्यामुळे निवड आता चार गोष्टींवर येते. पहिली, जोडणी: स्रोत टीव्ही असेल तर ऑप्टिकल, फोन वा संगणक असेल तर यूएसबी. दुसरी, आउटपुटची पातळी: घरगुती डब्यांची ती साधारण २ व्होल्ट असते, तर फोनच्या जोडपिनेची बहुधा १ व्होल्ट किंवा कमी. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला डॅकचे आउटपुट ‘ऑक्स’ किंवा ‘टेप’च्या जागी द्यावे. ‘फोनो’ जागा रेकॉर्ड प्लेअरच्या क्षीण संकेतासाठी असते. तिथे डॅक जोडल्यास आवाज फाटतो आणि खर्ज फुगतो. पाच पिनांच्या गोल डिन सॉकेटला वेगळी वायर लागते.

तिसरी गोष्ट वीज. गावठाण आणि शेतीपंपांचे फीडर वेगळे झाले, तरी दाबाचा चढउतार, चौकोनी लहरीचे इन्व्हर्टर आणि अर्थिंग नसलेले बोर्ड उरलेच. स्वस्त चार्जरवर चालणाऱ्या डबीतून येणारी घरघर बहुधा वीजपुरवठ्याची असते, चिपची नव्हे. चांगल्या ५ व्होल्टच्या अडॅप्टरने ती अनेकदा जाते. दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह कारण असेल, तर ऑप्टिकल वायर तो तोडते, कारण तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही. बॅटरीवरच्या फोनला लावलेली जोडपिन या त्रासातून आपोआप सुटते.

चौथी गोष्ट ऐकायचे संगीत. बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत मुळात उच्च वारंवारतांचे घटक थोडे आणि सुईची खरखर पुष्कळ; ते ध्वनिमुद्रण २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या फाइलीत घातल्याने नवा तपशील निर्माण होत नाही. कॅसेटवरून उतरवलेल्या भजनांचेही तसेच. अशा संग्रहाला १६ बिटांचा नीट बांधलेला डॅक पुरतो. या चारही गोष्टी जमल्यावर पैसे उरले, तर ते महागड्या डॅकपेक्षा स्पीकरवर घालणे फायद्याचे, कारण साखळीतला सर्वांत मोठा दोष आता तिथेच आणि खोलीच्या घुमण्यात असतो.