पंचांग पाहा, ऐरोलीला चला!

बालमित्रांनो, थंडीत नव्या मुंबईत लांबचे पाहुणे येतात, ठाऊक आहे ना? उंच पाय, बाकदार चोच, गुलाबी पंख. हे रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो! हजारोंच्या संख्येने ते ठाणे खाडीत उतरतात आणि उन्हाळा सरेपर्यंत मुक्काम ठोकतात.

त्यांना भेटायला आई-बाबांसोबत ठाणे-वाशी लोकलने ऐरोली गाठा. तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात खाडीची ओळख करून घ्या, मग बोटीत बसा. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून आधी चौकशी कराच.

कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब सांगू? तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती साधारण सहाला, ओहोटी बाराला.

पाणी ओसरलं, की चिखल उघडा पडतो. आपण नाक मुरडतो, पण रोहितांचं जेवणाचं ताट तेच! डोकं उलटं करून ते चोचीने शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. त्यातल्या रंगद्रव्यांनीच पंख गुलाबी होतात. पिल्लं मात्र करडी असतात हं!

२०१५ मध्ये खाडीचा मोठा पट्टा अभयारण्य झाला. २०२२ मध्ये तो जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या ‘रामसर’ यादीतही आला. तरीही आपण नाल्यात फेकलेली प्लॅस्टिकची पिशवी वाहत वाहत याच ताटात येते. तेव्हा कचरा आपल्याच पिशवीत, आवाज हळू आणि दुर्बीण गळ्यात!

येत्या रविवारी तिथी कोणती? काढा बरं ओहोटीची वेळ!