पाय धरावा, पण सोडावाही

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी मी खारघरच्या टेकडीवर सायकलसकट आडवा झालो. वेग म्हणाल तर चालणाऱ्या माणसाइतकाही नव्हता. डांबरी रस्ता सोडून दगडगोट्यांची पायवाट धरली होती. पुढचं चाक एका धोंड्याला अडलं, सायकल थांबली, मी उजवा पाय टेकवायला गेलो आणि पाय पायडलवरून सुटेचना. मागून भाचा ओरडत होता, ‘मामू, टाच बाहेर फिरवा!’ मी फिरवतच होतो. उजव्या मनगटाला दीड महिना प्लास्टर होतं. त्या काळातल्या कविता बायकोला तोंडी सांगून लिहून घ्याव्या लागल्या, आणि तिने त्यांतल्या निम्म्या ऐकतानाच बाद केल्या.

चूक पायडलची नव्हती, माझी होती. ती पुढे सांगतो. आधी हे पाय धरून ठेवणारं पायडल म्हणजे काय, ते पाहू.

आपल्या लहानपणी सायकलला रबरी पायडल असे. चप्पल घालून त्यावर पाय ठेवला की झालं. शर्यतीतले सायकलपटू मात्र पायडलवर पिंजऱ्यासारखी टो-क्लिप बसवून तीत बुटाचं टोक घालत आणि वरून पट्टा आवळत. पाय काढायचा तर आधी हाताने पट्टा सैल करावा लागे. १९८४ साली ‘लूक’ या फ्रेंच कंपनीने बर्फावरच्या स्कीला बूट जसा अडकवतात, तीच कल्पना सायकलला लावली. बुटाच्या तळाला एक पट्टी, म्हणजे क्लीट, ती पायडलमध्ये खटकन बसते आणि टाच बाहेर फिरवली की सुटते. पुढच्याच वर्षी बर्नार इनो याने ही पायडलं वापरून ‘टूर द फ्रान्स’ जिंकली. टो-क्लिप गेली म्हणून नाव पडलं ‘क्लिपलेस’. १९९० साली जपानच्या शिमानो कंपनीने डोंगरी सायकलींसाठी लहान, धातूच्या क्लीटची एसपीडी पायडलं आणली.

घोडेस्वारांना हा प्रश्न फार जुना. रिकिबीत पाय स्थिर बसला पाहिजे, पण स्वार पडला तर तो निसटलाही पाहिजे. नाहीतर घोडा माणसाला फरफटत नेतो. रिकीब हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला. त्या शब्दाने जी काळजी घ्यायला शिकवली, तीच पायडलला लागू आहे. पायडल किती घट्ट धरतं, यापेक्षा ते वेळेवर सोडतं का, हे आधी पाहावं.

आता आपल्या डोंगरांकडे वळू. इथला खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बसाल्ट. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, उन्हाळ्यात त्याच वाटेवर सुटे खडे आणि मुरूम घसरतात. अशा वाटेवर सायकल बरीचशी हातात धरून चढवावी लागते. म्हणून बुटाची पहिली परीक्षा खडकावर चालण्याची. रस्त्यावरच्या शर्यतीचे बूट गुळगुळीत, कडक तळव्याचे असतात. त्यांना तीन स्क्रूंची मोठी क्लीट बाहेर आलेली असते. खडकावर ते बूट म्हणजे पायाखाली साबणाची वडी. डोंगरासाठी दोन स्क्रूंच्या क्लीटचा बूट घ्यावा. त्यात क्लीट तळव्याच्या खाचेत बसते आणि रबराचे खरबरीत दाते जमिनीला टेकतात. तळवा मधोमध ताठ, पण बोटांपाशी थोडा वाकणारा असावा. बोटांवर जाड टोपण हवं. दगड आधी तिथेच लागतो. बूट संध्याकाळी, जाड मोजे घालून घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो.

पायडल निवडताना घाई नको. नवशिक्याने पहिले काही महिने खिळ्यांचं रुंद सपाट पायडल आणि मऊ, चिकट रबरी तळव्याचे बूट वापरावेत. पाय हवा तेव्हा खाली येतो. मात्र घसरलं तर ते खिळे नडगी सोलून काढतात. क्लिपलेसचा फायदा असा, की खडखडाटात पाय उडत नाही आणि चढावर जोर वाया जात नाही. ते घ्यायचं ठरलं तर भोवती रुंद चौकट असलेलं घ्यावं; क्लीट बसली नाही तरी पाय टेकायला जागा मिळते. एसपीडीच्या क्लीट दोन तऱ्हेच्या मिळतात. काळी एसएच ५१ टाच आडवी फिरवली तरच सुटते. चंदेरी एसएच ५६ तिरपा वर हिसका दिला तरी सुटते. सुरुवातीला दुसरी बरी.

पायडलवर स्प्रिंगचा ताण ठरवणारा छोटा स्क्रू असतो, तो अगदी सैल ठेवावा. क्लीट चवड्याखाली असते. खडकाळ उतारासाठी ती थोडी टाचेकडे सरकवली तर पाय स्थिर राहतो. मग भिंतीला धरून प्रत्येक पाय पन्नास वेळा अडकवायचा आणि सोडवायचा. त्यानंतर गवतावर. थांबायच्या बऱ्याच आधी पाय सोडवायची सवय लागली, की डोंगर.

आता माझी चूक. क्लीट दोन स्क्रूंवर बसते. माझ्या उजव्या बुटाचा एक स्क्रू केव्हातरी सैल होऊन पडला होता. मी टाच फिरवली तेव्हा बूट उरलेल्या एका स्क्रूभोवती फिरला. क्लीट पायडलमध्ये जागच्या जागी राहिली. ती फिरल्याशिवाय स्प्रिंग उघडत नाही. कितीही जोर लावला असता, तरी पाय सुटला नसता. ज्याला हे घडेल त्याने बुटाची दोरी सोडून पाय बाहेर काढावा, पण पडायला एक क्षण लागतो, दोरी सोडायला अनेक.

आता निघण्यापूर्वी मी चार एमएमच्या एलन-कीने दोन्ही बुटांचे चारही स्क्रू तपासतो. खाडीकाठच्या दमट हवेत ते गंजतात, म्हणून बसवताना ग्रीसचं बोट लावतो. क्लीटच्या खाचेत खडा अडकलाय का, ते काडीने पाहतो. पावसात भिजलेले बूट उन्हात न टाकता आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवतो. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात. भाचा खाली ताटकळतो आणि म्हणतो, ‘मामू, चला, ऊन चढलं.’ मी म्हणतो, ‘चढू दे.’