काढणं महाग झालं की घेणंही जपून होतं

मंडळी, गोरेगावचा हा पट्टा धानाचा, म्हणून उदाहरण इथलंच घेऊ. समजा, एका राइस मिलमध्ये बारा कामगार आहेत आणि मालकाला तेरावा हवाय. त्याला आज किती द्यायचे, एवढाच विचार मालक करत नाही. उद्या काम उरलं नाही तर त्याला कमी करायला किती लागतील, हाही हिशेब तो मांडतो. हा दुसरा आकडा कायदा ठरवतो.

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने तो असा घालून दिला: सलग वर्षभर काम केलेल्याला कमी करायचं, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. पाच वर्षं झाली असतील, तर 75 दिवसांचा. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही पाया हाच आहे.

याचे परिणाम दोन, आणि दोन्ही उलट दिशेचे. मंदीत मालक माणसं लगेच काढत नाही; पण तेजीत लगेच घेतही नाही. त्यामुळे एकूण नोकऱ्या वाढतील की घटतील, हे नुसत्या तर्काने सांगता येत नाही. माणसांची ये-जा मात्र मंदावते. आत असलेला टिकतो, दाराशी उभा असलेला पोरगा ताटकळतो.

आता खरी मेख बघा. 'वर्षभर' म्हणजे बारा महिन्यांत 240 दिवस. मग 240 भरायच्या आधीच खंड द्यायचा आणि पुन्हा नवीन म्हणून घ्यायचं, हा मोह होतो. म्हणजे संरक्षण देणारी रेषाच रेषेअलीकडच्याला बाहेर काढायचं निमित्त ठरते.

कायद्याला हे ठाऊक आहे. रविवार आणि पगारी सुट्ट्याही या 240 मध्ये धरायच्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये सांगितलं. कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं, ही महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात अनुचित प्रथा आहे. पण हे सिद्ध करायला कामाच्या दिवसांचा पुरावा लागतो. हातात हजेरीचा कागद, पगाराची पावती नसेल, तर 240 दिवस राबूनही ते कोर्टात दाखवायचे कसे?

म्हणून कायदा कडक की सैल, एवढ्यावर वाद थांबवू नका. रेषा कुठे आखली आहे आणि तिच्या अलीकडे कोण उरतं, हे आधी विचारा.