कोथिंबीर, काजवा आणि नाकातली कुलपं

होस्टेलच्या मेसमध्ये पोहे आले की माझी रूममेट आधी कोथिंबीर वेचते आणि ताटाच्या कडेला ढीग करते. 'साबण चावल्यासारखं वाटतं गं,' हे तिचं ठरलेलं वाक्य. तीन वर्षं आम्ही तिला 'नखरेल' म्हणून चिडवलं. या लेखासाठी वाचायला बसले आणि लक्षात आलं, आता तिची माफी मागावी लागणार. तुमच्याही ग्रुपमध्ये असं कुणी असेल, तर पुढे वाचाच.

नाकाच्या आत, अगदी वरच्या भागात, वास ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांच्यावर 'रिसेप्टर' नावाची प्रथिनं असतात. कुलपंच म्हणा ना! वासाचा कण म्हणजे किल्ली. माणसाकडे अशी साधारण ४०० प्रकारची कुलपं आहेत. गंमत म्हणजे एक किल्ली अनेक कुलपं उघडते आणि एक कुलूप अनेक किल्ल्यांनी उघडतं. कुठली कुलपं एकदम उघडली, यावरून मेंदू ठरवतो की हा मोगरा की मोजे! या कुलपांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

पण कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, हे कसं शोधणार? जिवंत माणसाच्या नाकातून एकेक कुलूप वेगळं काढता येत नाही. मग ते लॅबमध्येच बनवायचं. याला म्हणतात 'रिकॉम्बिनंट' प्रथिन. शब्द भारदस्त आहे, कल्पना सोपी. माणसाचं जनुक घ्यायचं, दुसऱ्याच पेशीत घालायचं आणि ते प्रथिन तिच्याकडून बनवून घ्यायचं. मधुमेहाचं इन्सुलिन १९८२ पासून असंच तयार होऊन बाजारात येतंय.

मग अडलं कुठे? इन्सुलिन पेशीबाहेर सुखाने राहतं. वासाचा रिसेप्टर मात्र पेशीच्या पातळ आवरणात सात वेळा आत-बाहेर विणलेला असतो. त्या आवरणातून काढला की त्याचा आकार बिघडतो, गोळा होतो. शिवाय परक्या पेशी त्याला बनवतात, पण पृष्ठभागावर येऊच देत नाहीत. २००४ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात हिरोआकी मात्सुनामी यांच्या टीमला त्याला वरपर्यंत पोचवणारी मदतनीस प्रथिनं सापडली आणि काम बरंच सोपं झालं.

आता इथे काजव्याची एन्ट्री! या पेशींमध्ये काजव्याला चमकवणारं एन्झाइम बनवण्याची सोय केलेली असते. वासाचा कण टाकला, कुलूप उघडलं, की पेशी ते एन्झाइम बनवते आणि चाचणीत उजेड दिसतो. म्हणजे वास चक्क डोळ्यांनी बघायचा. जर्मनीतल्या संशोधकांनी अशाच पेशी वापरून, ओल्या मातीच्या वासातला जिओस्मिन हा कण माणसाचं कुठलं कुलूप उघडतो, ते २०२४ मध्ये दाखवलं. त्याचं नाव ओआर११ए१. पहिल्या पावसाच्या वासाला असं रुक्ष नाव! त्याआधी २०२३ मध्ये माणसाच्या वासाच्या रिसेप्टरची अणूंच्या पातळीवरची रचना पहिल्यांदाच समोर आली होती.

आणि कोथिंबीर? हजारो लोकांच्या डीएनएची तुलना करून २०१२ मध्ये संशोधकांनी ओआर६ए२ या रिसेप्टरकडे बोट दाखवलं. कोथिंबिरीत अल्डिहाइड नावाची द्रव्यं असतात, तशीच काही साबणातही असतात. जनुकातल्या छोट्याशा फरकामुळे काहींना ती जास्त जाणवत असावीत. सगळा दोष या एका जनुकाचा नाही, सवयीचाही भाग आहेच. पण नखरे मात्र नक्की नाहीत.

हे सगळं मला इतकं का लागलं, सांगते. २०२१ मध्ये कोविड झाला आणि माझा वास गेला. दोन महिन्यांनी परत आला तो बिघडूनच. आईच्या हातच्या चहाला जळक्या रबराचा वास यायचा. मी कप तसाच सिंकमध्ये ओतायचे आणि आई काही न बोलता बघत राहायची. 'वासच ना, डोळे तर शाबूत आहेत,' असं म्हणणारेही भेटले. एकदा गॅसवर दूध जळून भांडं काळं झालं. मी शेजारच्याच खोलीत होते, मला पत्ताही लागला नाही. तेव्हा कळलं, वास म्हणजे फक्त अत्तर आणि फोडणी नव्हे.

कोविडमध्ये बिघाड मुख्यतः कुलपांच्या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींत होतो, असं संशोधन सांगतं. त्यामुळे लॅबमधल्या रिसेप्टरच्या कुपीतून उद्या माझ्यासारख्यांसाठी औषध निघेल, असं मी म्हणणार नाही. ती कुपी फक्त संशोधनासाठीच असते. पण नाक नेमकं कसं चालतं हेच माहीत नसेल, तर बिघडल्यावर दुरुस्त कसं करणार?

माझा चहा आता जवळपास पूर्वीसारखा लागतो. रूममेटची माफीही मागून झाली. तिने ती स्वीकारली, एका अटीवर: यापुढे तिच्या ताटातली कोथिंबीर मी खायची. तुमच्या ग्रुपमधल्या 'नखरेल' व्यक्तीला आज काय सांगणार?